यंत्र बरोबर मोजते, हे सिद्ध कोणी करायचे?

गोवा आणि मतदान यंत्र यांचे नाते जुने आहे. जून १९९९ ची विधानसभा निवडणूक संपूर्णपणे इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर घेणारे गोवा हे देशातील पहिले राज्य. फेब्रुवारी २०१७ मध्ये चाळीसही मतदारसंघांत यंत्राला व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणारे उपकरण, जोडणारे पहिले राज्यही गोवाच. देशाने जे पुढे सर्वत्र स्वीकारले, त्याचा पहिला अनुभव दोन्ही वेळा गोमंतकीय मतदारांनी घेतला. विद्यमान विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. निवडणूक आली की यंत्रांविषयीचा वादही येतो. पराभूत पक्ष यंत्राकडे बोट दाखवतो, विजयी पक्ष त्याला रडीचा डाव म्हणतो आणि पुढच्या निकालानंतर भूमिकांची अदलाबदल होते.

या गदारोळात एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. चंद्रावर यान उतरवणाऱ्या आणि भाजीवाल्याला फोनवरून पैसे देणाऱ्या देशात मते मोजण्याचे निःशंक यंत्र बनवणे इतके अवघड का असावे? मतमोजणी म्हणजे शेवटी साधी बेरीज. पाचवीतला विद्यार्थी करील असे हे काम जगभरच्या संगणकशास्त्रज्ञांना चार दशके का छळत आहे?

बेरीज सोपी, साक्ष अवघड

बँकेचे उदाहरण घेऊ. एटीएममधून पाच हजार काढले आणि खात्यातून पन्नास हजार वजा झाले, तर ते आपल्याला लगेच कळते. फोनवर संदेश येतो, पासबुकात नोंद दिसते, तक्रार करता येते, रक्कम परतही मिळते. बँकेची संगणक यंत्रणा निर्दोष असते म्हणून आपण तिच्यावर विसंबत नाही. तिची चूक पकडता येते आणि दुरुस्त करता येते, म्हणून विसंबतो.

मताच्या बाबतीत नेमकी हीच सोय करता येत नाही. आपले मत कोणाच्या खात्यात जमा झाले याची नावानिशी पावती घरी नेता आली, तर मत विकत घेणारा तीच पावती मागेल आणि धमकावणाराही तीच मागेल. म्हणून मतदार आणि मत यांचा संबंध मतदान होताक्षणी कायमचा तोडावा लागतो. तो एकदा तुटला की चुकलेले मत शोधायचे कसे? ज्याचे मत चुकले त्याला ते कळत नाही आणि ज्याला शंका आहे त्याला ती सिद्ध करता येत नाही. गुप्तताही हवी आणि पडताळणीही हवी, हे या विषयातील खरे कोडे आहे. विमान, बँक वा रुग्णालय यांच्या संगणकांपुढे ते या स्वरूपात उभे राहत नाही.

त्यात आणखी एक अट आहे. निवडणूक यंत्रणेने विजेत्याला नव्हे, तर पराभूताला पटेल असा पुरावा द्यायचा असतो. यंत्र बनवणारे, ते सांभाळणारे, निवडणूक घेणारे यांपैकी कोणावरही ज्याचा भरवसा नाही, अशा माणसालाही हार मान्य करावी लागेल इतका तो पुरावा भक्कम असावा लागतो.

जे दिसत नाही ते तपासायचे कसे?

मतपेटी रिकामी आहे हे मतदान प्रतिनिधीला डोळ्यांनी पाहता येते. चिपच्या आतील आज्ञावली डोळ्यांनी दिसत नाही. ती वाचायला दुसरे यंत्र लागते आणि मग त्या दुसऱ्या यंत्रावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न येतो. युनिक्स या संगणक प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात हीच अडचण मांडली होती. मूळ आज्ञावली ओळ न् ओळ वाचली आणि ती स्वच्छ निघाली, तरी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनातच खोट दडवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

मग यंत्राची चाचणी घेतली की झाले, असे वाटू शकते. मतदानाच्या दिवशी सकाळी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते, ते याचसाठी. ते उपयुक्त आहेच. यंत्र बिघडलेले असेल तर तेथे कळते. परंतु केवळ बिघडलेले आणि मुद्दाम बिघडवलेले यांत फरक असतो. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींचे प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले. प्रदूषण चाचणी चालू आहे हे गाडीतील आज्ञावली ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर कमी करत असे. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती. चाचणीत नीट वागणारे यंत्र नंतरही तसेच वागेल, याची हमी चाचणी देत नाही.

शिवाय चुकीसाठी कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागतो, असेही नाही. मे २००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर ४,०९६ मते अधिक नोंदली गेली. मिळू शकतील त्यापेक्षा जास्त मते दिसली, म्हणून ही चूक लक्षात आली. ४,०९६ ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणकाच्या स्मृतीतील एकच अंक शून्याचा एक झाला, की नेमका एवढाच फरक पडतो. आज्ञावलीत दोष सापडला नाही. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे असे घडले असावे, असा तर्क पुढे मांडला गेला. फरक अशक्य वाटण्याइतका मोठा होता, म्हणून पकडला गेला. तो शक्यतेच्या कक्षेत असता तर कोणाच्या नजरेस आला असता, हे सांगणे कठीण आहे.

भारतीय यंत्राची बाजू

ही टीका भारतीय यंत्राला जशीच्या तशी लावणे मात्र अन्यायाचे होईल. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक कंपन्या बनवतात ते यंत्र मुद्दाम साधे ठेवले आहे. ते इंटरनेटशी वा दुसऱ्या कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नसते. कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार हे दोन टप्प्यांच्या सरमिसळीनंतर ठरते. कोणत्या उमेदवाराचे बटण कितवे येणार, हे यंत्र कारखान्यातून निघताना कोणालाच ठाऊक नसते. मतदान केंद्र बळकावून तासाभरात शेकडो शिक्के मारण्याची जुनी रीतही यंत्राने मोडली, कारण ते मिनिटाला चार-पाचपेक्षा अधिक मते स्वीकारत नाही. मतपत्रिकेच्या काळातील बाद मतांचे ढीग आणि रात्र-रात्र चालणारी मोजणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

वाद मात्र पहिल्या दिवसापासून आहे. मे १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर हे यंत्र प्रथम वापरले गेले. १२३ मतांनी लागलेला तो निकाल न्यायालयात गेला आणि कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला. कायदा बदलायला १९८९ उजाडले. २०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेतील प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंखराइप यांनी एक प्रत्यक्ष यंत्र हाताळून दोन मार्ग दाखवले. निकाल दाखवणारा फलक बदलता येतो आणि छोटे उपकरण चिमट्यासारखे लावून स्मृतीतील मते बदलता येतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी यंत्र हाती लागावे लागते आणि आमची सुरक्षा व सील तसे होऊ देत नाहीत, असा आयोगाचा प्रतिवाद होता. ते यंत्र मुंबईतून कोणी दिले हे सांगण्यास नकार दिल्यावर हरिप्रसाद यांना अटक झाली. दोष शोधणाऱ्याला शिक्षेची भीती असेल, तर दोष सापडत नाहीत याचा अर्थ ते नाहीत असा घेता येत नाही. या प्रकरणाने यंत्राच्या प्रतिष्ठेला लाभ झाला नाही.

कागद परत का आला?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अर्धवट छिद्रांच्या मतपत्रिकांचा गोंधळ पाहिला. तेथे अवघ्या ५३७ मतांनी देशाचा अध्यक्ष ठरला. कागदाला कंटाळून अनेक ठिकाणी स्पर्शपटलाची यंत्रे आली. त्याच राज्यातील सारासोटा परगण्यात २००६ मध्ये काँग्रेसच्या एका जागेसाठी मतदान करताना सुमारे १८ हजार मतदारांचे त्या जागेपुरते मतच नोंदले गेले नाही. निकाल ३६९ मतांनी लागला. मतदारांनी मुद्दाम मत दिले नाही, पटलावरील मांडणीमुळे नाव नजरेतून सुटले, की यंत्राने मत गिळले? फेरमोजणी करायला कागदच नव्हता. यंत्राला पुन्हा विचारले तर ते पुन्हा तोच आकडा सांगणार. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कागदी मतपत्रिकेकडे परतण्याचा कायदा केला.

याच सुमारास गूढलेखनशास्त्रातील ज्येष्ठ संशोधक रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी एक कसोटी मांडली. आज्ञावलीत न कळलेली चूक वा बदल झाला, तरी त्यामुळे निकालात न कळणारा फरक पडता कामा नये, अशी ती कसोटी. यंत्र निर्दोष आहे हे सिद्ध करण्याचा नाद सोडून, ते चुकले तर चूक उघडी पडेल अशी रचना करावी, हा या विचाराचा गाभा आहे. त्यासाठी मतदाराने स्वतः पाहिलेला आणि यंत्राला नंतर बदलता न येणारा पुरावा लागतो. आजवर त्याला कागदाइतका सोपा पर्याय सापडलेला नाही.

भारतात ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदी पुराव्याची गरज मान्य केली, तो व्हीव्हीपॅट. चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. परंतु ती पाहतो कोण? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात छापील मतपत्रिकेत मुद्दाम चुका घातल्या होत्या. सुमारे ४० टक्के लोकांनीच कागदाकडे पाहिले आणि जेमतेम ६.६ टक्के चुका कर्मचाऱ्यांच्या कानी गेल्या. आपल्याकडे तर चुकीची चिठ्ठी दिसल्याची तक्रार करणाऱ्याला आधी लेखी घोषणापत्र द्यावे लागते. चाचणी मतात ती तक्रार खोटी ठरली, तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. खोडसाळ तक्रारी टाळण्यासाठी हा नियम आहे हे खरे. पण प्रामाणिक मतदारालाही तो गप्प बसवू शकतो.

पाच चिठ्ठीपेट्या आणि ७६ मते

कागद पेटीत पडून राहिला तर त्याचा उपयोग नाही, तो मोजावा लागतो. एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील कोणत्याही पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडल्या जातात. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने फेटाळली. मात्र चिन्हे भरणारी एकके निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवावीत आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी खर्च भरून मागता यावी, असे आदेश दिले.

पाच हा आकडा पुरेसा आहे का? भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी देशभरातून ४७९ यंत्रे यदृच्छेने निवडून तपासली तरी पुरे, असा निष्कर्ष काढला होता आणि आयोगाने त्याचा आधार घेतला. देशभरातील यंत्रांत मोठ्या प्रमाणावर गडबड आहे का, या प्रश्नासाठी ते उत्तर योग्यच आहे. परंतु उमेदवाराचा प्रश्न देशाचा नसतो, तो आपल्या मतदारसंघाचा असतो.

२०२२ मध्ये सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल ७६ मतांनी लागला, तर साखळीत मुख्यमंत्र्यांचा विजय ६६६ मतांचा होता. त्या निकालांविषयी येथे कोणताही संशय घ्यायचा नाही. ७६ चे अंतर फक्त गणितासाठी घेऊ. एवढ्या अंतरात ३९ मते इकडची तिकडे गेली तर निकाल उलटतो आणि तेवढ्यासाठी एक सदोष यंत्र पुरे. मतदारसंघात ४० केंद्रे धरली आणि त्यांतील पाच तपासली, तर ते एक यंत्र तपासणीतून सुटण्याची शक्यता आठात सात आहे. उलट २५० केंद्रांच्या मोठ्या मतदारसंघात १० हजारांचे मताधिक्य उलटवायला, यंत्रामागे शंभर मते फिरवली तरी, ५० यंत्रे बिघडवावी लागतील. तेथे पाचांच्या तपासणीतून सर्व सुटण्याची शक्यता तिनात एक एवढी उरते. नियम एकच असला, तरी दोन ठिकाणी तो देत असलेली खात्री अगदी वेगळी आहे.

यावर सांख्यिकीतज्ज्ञ फिलिप स्टार्क यांनी सुचवलेला मार्ग असा की किती कागद मोजायचे हे मताधिक्यावरून ठरवावे. अंतर मोठे असेल तर थोडे कागद मोजून भागते. अंतर निसटते असेल तर मोजणी वाढत जाते आणि गरज पडल्यास पूर्ण होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर ही पद्धत लागू केली आहे.

घरबसल्या मत का नको?

मग थेट मोबाइलवरूनच मतदान का नको, असे विचारणारेही पुष्कळ आहेत. जहाजांवर काम करणाऱ्या गोव्याच्या तारवटींना मतदानाच्या दिवशी घरी असता येत नाही आणि त्यांची सोय व्हावी ही मागणी रास्तच आहे. इंटरनेट मात्र वरील साऱ्या अडचणी वाढवते. २०१० मध्ये वॉशिंग्टन शहराने आपली ऑनलाइन मतदान यंत्रणा चाचणीसाठी सर्वांना खुली केली. मिशिगन विद्यापीठाच्या चमूने ४८ तासांच्या आत तिचा ताबा घेऊन सर्व मते बदलली. मतदान केल्यावर त्यांच्या विद्यापीठाचे गीत वाजू लागले, तरी अधिकाऱ्यांच्या ते ध्यानात यायला जवळपास दोन दिवस लागले.

एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होते आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तशी आली. तेथे प्रत्येक नागरिकाकडे डिजिटल ओळखपत्र आहे. शिवाय दबावाखाली दिलेले मत नंतर बदलता येते. तरीही तज्ज्ञांचे आक्षेप संपलेले नाहीत. गणिती कुलपांनी गुप्तता आणि पडताळणी एकत्र साधण्याचे प्रयत्न बुद्धीला थक्क करणारे आहेत, पण ती कुलपे शेवटी माणसेच सांभाळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूढलेखन संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला स्वतःचीच ऑनलाइन निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. मते उघडायला तीन विश्वस्तांच्या तिन्ही किल्ल्या लागत होत्या आणि त्यांतील एक हरवली होती. या विषयातले जगातील सर्वांत जाणते लोक ते हेच.

सामान्य नागरिकाची कसोटी

जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तेथील मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. यंत्रांत घोटाळा झाला होता असे न्यायालय म्हणाले नाही. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय नागरिकाला तपासता आले पाहिजेत, एवढेच त्याचे म्हणणे होते. भारताने यंत्रे मोडीत काढावीत, असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे यंत्राबरोबर कागदही आहे. मात्र तज्ज्ञांनी पाहिले आहे, तुम्ही विश्वास ठेवा, हे उत्तर लोकशाहीत पुरे पडत नाही, ही त्या निकालाची शिकवण येथेही लागू पडते.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेऊन पाहण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू करून ते थांबवले. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता हे खरे, परंतु ग्रामस्थांच्या शंकेचे निरसन बंदीने झाले नाही. याउलट हरयाणातील बुआना लाखू गावाच्या सरपंचपदाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने यंत्रे आपल्या आवारात आणवून सर्वांसमक्ष फेरमोजणी केली. मूळ निकाल चुकीचा होता आणि हरलेला उमेदवार प्रत्यक्षात ५१ मतांनी जिंकला होता. यंत्रे बरोबर होती, माणसांनी आकडे लिहिताना घोळ घातला होता. यंत्राची बाजू तेथे सिद्ध झाली, ती मोजून दाखवले म्हणून. दुर्दैव इतकेच की या न्यायासाठी २०२२ पासून जवळपास तीन वर्षे गेली.

गोव्याच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य मागणी निघते. चिठ्ठ्यांची मोजणी लेखी मागण्याचा अधिकार उमेदवाराला आजही आहे. नियम ५६-डी नुसार ती पूर्ण मान्य करायची, अंशतः करायची की नाकारायची, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. मोजणीत तफावत आढळली तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो, हेही त्याच नियमात आहे. म्हणजे कागदाचे श्रेष्ठत्व कायद्याने मानलेच आहे, तो केव्हा मोजायचा एवढेच अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले आहे. मताधिक्य ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर सर्व चिठ्ठ्या आपोआप मोजल्या जातील, असा नियम आयोगाने केला तर ही मर्जी संपेल. गोव्यातील एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आत मतदार आहेत. वीस-पंचवीस हजार चिठ्ठ्या मोजायला फार तर एक दिवस जास्त लागेल. चिठ्ठीवर चिन्हासोबत बारकोड छापून त्या यंत्राने मोजता येतील का, हे तपासून पाहण्याची सूचना सर्वोच्च न्यायालयानेच २०२४ च्या निकालात केली आहे.

यंत्र आणि व्हीव्हीपॅट दोन्ही प्रथम संपूर्णपणे वापरणाऱ्या राज्याने या नियमाचीही सुरुवात करायला हरकत नसावी. निवडणूक जाहीर होण्यापूर्वी राज्यातील पक्षांनी एकत्र येऊन आयोगाकडे तशी मागणी करावी. आज ती करताना उद्या आपण जिंकणार की हरणार हे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे तिच्यावर एकमत होण्याची शक्यता निकालानंतरच्या कोणत्याही दिवसापेक्षा आज अधिक आहे.